थोरलीचा दुसरा पंप

९ फेब्रुवारी

पाना,

मायन्याचा घोळ घालत नाही. अकरा वर्षं तोंड फिरवून बसायचं आणि मग कागदाच्या डोक्यावर 'सर्व कुशल' लिहायचं, इतकी काही मी निगरगट्ट नाही. सरळ मुद्द्याचं सांगते. मी थोरलीला विजेचा पंप बसवते आहे.

हो, मीच. तुझी वहिनी. जिला स्क्रू आणि खिळा यातला फरक कळत नाही असं तू चारचौघांत हसत सांगायचीस, ती. चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर काढली, कात्री सोडून दुसरं हत्यार धरलं नाही, आणि आता एकसष्टाव्या वर्षी गाडीखाली सतरंजी टाकून उताणी पडते आहे. हसून घे. झालं हसून? पुढे वाच.

थोरली गाडी अजून दारात आहे. सत्तरी उलटली तिची, पण रंग तसाच. मामंजी तिला थोरली लेक म्हणायचे आणि तुला पाना, कारण चार वर्षांची असल्यापासून तुझ्या हातात बाहुलीऐवजी पाना असायचा. हे तुलाच काय सांगत बसले आहे मी! बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून असेल.

तुझ्या दादाच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. तो आता गाडी चालवत नाही, स्टुलावर बसून सल्ले देतो. उंटावरचा शहाणा. मग चालवायला मी शिकले. गावात थोरली छान फिरते, पण टेकडीच्या चढाला लागली आणि ऊन असलं, की पाण्याच्या टाकीच्या वळणावर खोकते आणि मरते. नेहमी तिथेच. दादा म्हणतो पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाक. तीन फडकी झाली. ती वाळली, गाडी हलली नाही.

मिस्त्रीला विचारलं. हा नवा मिस्त्री, पन्नाशीचा, बोलतो कमी. तो म्हणाला, पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. मागे टाकीजवळ एक छोटा विजेचा पंप बसवला की तो तिकडून पेट्रोल ढकलेल. जुना पंप काढायचा नाही, तो जागच्या जागी काम करतोच. चढावर किंवा गाडी बरेच दिवस उभी असली तरच बटण दाबायचं. "म्हणजे बघा काकू, म्हातारा नोकरीवर राहतो, त्याला फक्त हाताखाली एक माणूस मिळतो."

मग म्हणाला, "ठेवून जा, दोन दिवसांत देतो." म्हटलं, "ठेवणार नाही. तू सांग, करते मी." का, ते त्यालाही सांगितलं नाही आणि तुलाही आत्ता सांगत नाही.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. ऐकलं की तू गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतेस आणि गाडीला मात्र हात लावत नाहीस. खरं आहे का हे?

वहिनी


१ मार्च

पाना,

तुझं कार्ड आलं. ना नाव, ना सही, एकच ओळ. 'थोरलीच्या बॅटरीचं प्लस बॉडीला आहे, मायनस नाही.'

अक्षर बघून मी पायरीवर बसले. दादा म्हणाला, "काय गं, कोण गेलं?" म्हटलं, "गेलं नाही कुणी, आलं."

पण बाई गं, कार्ड आलं गुरुवारी आणि माझा पंप जळला मंगळवारी!

जळण्याआधीचं ऐक, कारण जळेपर्यंत मी फार हुशारीने वागले होते. बॅटरी सुटी करून ठेवली. टाकीच्या जवळ, खालच्या अंगाला, चाकाचा चिखल उडणार नाही अशी जागा शोधली. पंपाखाली रबराच्या चकत्या घातल्या, नाहीतर सगळी गाडी गुणगुणते म्हणे. पंपाच्या आधी गाळणी. फ्यूज. वायर चेसिसच्या कडेने नेली आणि दर वीतभर अंतरावर बांधली, एकसारखी, टाके घालावेत तशी. मिस्त्री वाकून बघून गेला आणि त्याच्या तोंडून "हं" निघालं. हा माणूस 'हं' सुद्धा उगाच म्हणत नाही. बटण डॅशबोर्डच्या खाली, वरून दिसणार नाही असं लावलं. मामंजींच्या लाकडी पट्टीला भोक पाडायची माझी छाती झाली नाही.

आणि मग माहितीच्या कागदावर लिहिलं होतं की काळी वायर बॉडीला, म्हणून काळी वायर बॉडीला लावली. कागद लिहिणाऱ्याला थोरली काय माहीत! बटण दाबलं, एक टक् झालं आणि मग वास. दादा स्टुलावरून म्हणाला, "काहीतरी जळतंय." एवढ्या ज्ञानी माणसाशी माझं लग्न झालं आहे.

मी रडले नाही. चिडले मात्र खूप. मिस्त्रीला म्हटलं, तू का नाही बोललास? तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. घरचीच गाडी ना तुमची?" तोंडात मारल्यासारखं झालं. छत्तीस वर्षं या घरात आहे आणि गाडीची साधी वायर माहीत नाही. घरात ज्या माणसाला ते माहीत होतं त्याला आम्ही...

दुसरा पंप आणला आहे. लाल वायर बॉडीला लावते आता. तू सांगितलंस म्हणून.

वहिनी


१७ मार्च

पाना,

चालला! चालला, चालला, चालला!

आता नीट सांगते. तुझं दुसरं कार्ड आलं, 'नवा चालू करण्याआधी जुन्या पंपाचा पडदा बघ. फाटका असला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरेल.' या वेळी वेळेवर आलं. मी लगेच ऑइल मोजायची पट्टी काढून हुंगली. वास नव्हता, पण तू म्हणालीस म्हणून जुना पंप खोलला. आतला रबरी पडदा बघते तर कडेला बारीक चिरा, जुन्या इलॅस्टिकला पडतात तशा. फाटायला आलेलाच होता. मिस्त्री म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, "आमच्या घरातल्या मेकॅनिकने." म्हणाला, "मग मला कशाला विचारता?"

नवा पडदा मी बसवला. सहा स्क्रू, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्यायचे, एकच एकदम आवळला की पडद्याला चुणी पडते. हे मला कुणी शिकवायला नको. मिस्त्रीने माझी बोटं बघितली आणि म्हणाला, "काकू, तुम्ही चुकीच्या धंद्यात होता." पाना, मला आयुष्यात पुष्कळ जणींनी ब्लाउज छान बसला म्हणून सांगितलं आहे. पण असं कधी वाटलं नव्हतं.

मग बटण दाबलं. टकटकटक असा आवाज मागून आला, जोरात, मग भरत आल्यावर मंद झाला आणि थांबल्यासारखा झाला. स्टार्टर एकदा फिरवला आणि थोरली उठली. पंधरा दिवस उभी होती ती! मी अंगणात उड्या मारल्या. शेजारीण खिडकीत आली. दादा स्टुलावरून उठला, गुडघे विसरून.

जुना पंप काढला होता तेव्हा मिस्त्रीने त्याच्या बाजूच्या दोन रिकाम्या भोकांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आज इथेच थांबते.

वहिनी


४ एप्रिल

पाना,

पंधरा दिवस झाले, हे पत्र चार वेळा फाडलं. पाचव्यांदा फाडणार नाही.

मिस्त्रीने विचारलं होतं, "इथला पत्रा कुठे गेला?"

तू ओळखलं असशीलच. जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या टेकडी-चढाईच्या आदल्या दिवशी, अकरा वर्षांपूर्वी, मी थोरलीचं इंजिन घासायला घेतलं होतं. मंडळाचे लोक बॉनेट उघडून बघतात, तोंड भरून बोलतात, मला ते हवं होतं. तू चालवणार, मामंजी शेजारी बसणार, मग या घरात माझं काय? माझं आपलं घासणं-पुसणं. तर तेच असं करावं की लोकांनी विचारावं, हे कुणी केलं. पितळ पिवळंजर्द केलं. नळ्या चमकवल्या. आणि पंपाच्या बाजूला तो गंजका वाकडा पत्रा, घासून घासून निघेना. डोळ्यांत खुपायला लागला. दोन स्क्रू होते. तेवढे मला काढता येत होते. पत्रा काढला आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकला.

तो पत्रा म्हणजे पंपाची छत्री होती. पलीकडचा तापलेला धुराचा नळ आणि पंप यांच्या मध्ये तेवढाच आडोसा.

भाषणं लांबली, तुमची पाळी दुपारी आली, आणि थोरली टाकीच्या वळणावर बंद पडली. मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या. दोर लावून ओढत आणली. सचिवांनी वहीत लिहिलं, 'चालकाच्या चुकीमुळे बाद.' लोक म्हणाले, बाईच्या हातात दिली की हे असं. तू एवढंच म्हणालीस, "पेट्रोल येत नव्हतं." आणि मी, सगळ्यांच्या देखत, म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. हातात पाना धरला म्हणून कुणी मेकॅनिक होत नाही."

तू किल्ली बॉनेटवर ठेवलीस आणि निघून गेलीस.

इथपर्यंत मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. पण घरी आल्यावर मामंजींनी बॉनेट उघडलं आणि विचारलं, "इथला पत्रा कुणी काढला?" त्या क्षणी मला कळलं. आणि मी म्हटलं, "मला काय ठाऊक! गाडीचं सगळं पानाच बघते ना?"

चोराच्या उलट्या बोंबा. मामंजींनी बॉनेट लावून टाकलं. दोन वर्षांनी गेले तेव्हाही तो पत्रा तूच काढलास असं समजून गेले. तू आलीस, दारातूनच परत गेलीस, आणि मी आतून बघत होते. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

म्हणून गाडी मिस्त्रीकडे ठेवली नाही. म्हटलं, जे हात त्या दोन स्क्रूंना लागले त्यांनीच हे निस्तरावं. नवा पत्रा मी कापून बसवला आहे. मिस्त्री म्हणतो, पत्रा असला तरी आताच्या पेट्रोलला ही उष्णता झेपत नाही, पंप हवाच होता. तो मला बरं वाटावं म्हणून बोलतो की खरंच, ते तू सांग. की नको सांगूस.

दादाला काल सगळं सांगितलं. त्याने स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाला, "फोन लाव तिला." म्हटलं, फोनवर मी परत काहीतरी सारवासारव करीन. लिहिलेलं खोडता येत नाही.

वहिनी


२८ एप्रिल

पाना,

कार्ड आलं नाही. येऊ नये असंच मी वागले आहे, तेव्हा तक्रार नाही.

पण एक काम केलं ते कळवते. परवा मंडळाची बैठक होती. मी गेले. पंचवीस-तीस पुरुष आणि मी. म्हटलं, अकरा वर्षांपूर्वीची वही काढा. सचिव म्हणाले, "बाई, जुनी मढी कशाला उकरायची?" म्हटलं, "मढं नाही, माझी नणंद आहे, चांगली जिवंत." वही निघाली. मी उभी राहून सगळं सांगितलं. घासलं का, ते. पत्रा कुठे दिला, ते. तुला काय बोलले, ते शब्दसुद्धा. आवाज चांगला खणखणीत लागला, मलाच नवल वाटलं.

मागच्या रांगेतला तो मिशीवाला, निळ्या गाडीचा मालक, फिदीफिदी हसला. "म्हणजे वहिनींनी गाडीची छत्रीच भंगारात दिली!" म्हटलं, "हो, दिली. आणि दुसरा पंप, नवा पडदा आणि नवा पत्रा माझ्या हाताने बसवला. तुमच्या गाडीचं ऑइल तुम्ही शेवटचं कधी स्वतः बदललंत?" मग सगळे हसले, पण त्याला.

सचिवांनी जुन्या ओळीखाली लिहिलं, 'उष्णतेचा पत्रा मालकाच्या सुनेने काढल्याचे तिने सांगितले.' मी सही केली. झोकात केली.

आणि मग या वर्षीच्या चढाईचा अर्ज भरला. अठरा मे, रविवार, बारा वाजता, ऐन उन्हात. चालक म्हणून तुझं नाव घातलं आहे. तुला न विचारता. जुनी खोड. पण या वेळी एवढंच बोलते की तू आली नाहीस तर मी चालवणार नाही. मला चालवता येते, दोनदा वर जाऊन आले आहे, टाकीच्या वळणावर बटण दाबलं की ठणठणीत जाते. तरी नाही. थोरली रेषेवर उभी राहील आणि पाळी संपली की आम्ही घरी जाऊ.

वहिनी


२१ मे

पाना,

तू होतीसच तिथे, तरी मला लिहायचं आहे. समोर माझं तोंड धड उघडलं नाही. बघ, एरवी बंद होत नाही म्हणून ओरडायचीस.

थोरली रेषेवर उभी होती, बारा वाजायला दहा कमी होते. दादा म्हणत होता, बसची वेळ केव्हाच टळली. आणि तू फाटकातून आलीस. केस पांढरे झालेले, चाल तीच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. सरळ बॉनेट उघडलंस. नवा पत्रा हाताने हलवून बघितलास. मग मागे गेलीस, तशीच जमिनीवर आडवी झालीस, चांगल्या कपड्यांत, आणि माझा पंप बघितलास. नळीवरची पकडपट्टी पाव आटा आवळलीस. मला इतका राग आला सांगू! ती घट्टच होती. मग तू उठलीस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "वायर कुणी बांधली?" म्हटलं, "मी." तू म्हणालीस, "दिसतंय." पाना, त्या 'दिसतंय'चा अर्थ मी तीन दिवस लावते आहे आणि दर वेळी चांगलाच लागतो.

"बस," म्हणालीस. मी मामंजींच्या जागेवर बसले.

टाकीच्या वळणावर थोरली खोकली. तिथे उभे असलेले लोक पुढे सरकले, अकरा वर्षांपूर्वी सरकले होते तसेच. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि तू ओरडलीस, "बघतेस काय वहिनी, दाब की बटण!" मी दाबलं. मागून टकटक आली, थोरलीने एक हिसका दिला आणि निघाली. वर पोचेपर्यंत मी रडत होते आणि तू गिअर बदलत होतीस. तुला असं चालवताना मी पूर्वी कधी नीट बघितलंच नव्हतं. मी नेहमी इंजिन चमकतंय की नाही ते बघायचे. काय चालवतेस गं! अभिमानाने ऊर भरून आला, आणि तो दाखवायची मला सोय नव्हती.

वर तू सचिवांकडे वही मागितलीस. माझी ओळ वाचलीस. मग मला म्हणालीस, "त्या दिवशी निघायच्या आधी मी बॉनेट उघडलं होतं. पत्रा नाही हे मला दिसलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू बाजूला उभी होतीस," म्हणालीस. "लोक इंजिन बघून वा वा करत होते, आणि तू इतकी फुलली होतीस. म्हटलं, हिला आत्ता काय सांगायचं. चढेल गाडी. नाही चढली."

आणि मग ते दुसरं. मामंजींनी तुला त्याच आठवड्यात गाठून विचारलं होतं, पत्रा तू काढलास का. आणि तू म्हणालीस, हो, मीच.

मी विचारलं, का? तू म्हणालीस, "तुला त्यांच्या घरात राहायचं होतं, वहिनी. मी तर निघालेच होते." आणि थोड्या वेळाने, "पण मला वाटलं होतं तू येशील सांगायला. आठवड्याभरात. फार तर महिन्यात."

आता बोलते. मूर्ख आहेस. मी चुकले, मी खोटं बोलले, आणि तू दुप्पट खोटं बोलून ते झाकलंस, आणि वर अकरा वर्षं गाडीला हात लावला नाहीस! एवढी मोठी कशाला व्हायचं माणसाने? मला माफी मागायलाही जागा ठेवली नाहीस. तरी मागते. चुकले गं मी. फार चुकले.

निळ्या गाडीचा मिशीवाला काल आला होता, मान खाली घालून. त्यालाही मागे पंप हवा आहे. म्हटलं, शनिवारी आणा, आम्ही दोघी बघतो. तुला न विचारताच सांगितलं. दुकानातून रजा काढ.

आणि वही. तू सचिवांच्या हातून पेन घेतलंस तेव्हा मला वाटलं माझी ओळ खोडतेस. तू खोडलं काहीच नाहीस, खाली लिहिलंस, 'पत्रा वहिनीने काढला, चालक पानाने ते पाहूनही गाडी काढली. चूक दोघींची.' सचिव म्हणाले, "या पानावर आता जागा उरली नाही हो!"

घरी येऊन दादाला म्हटलं, मंडळाच्या वहीत माझं आणि पानाचं नाव एका ओळीत आलं आहे. तो म्हणाला, "अगं, चुकीखाली आलं आहे ते." म्हटलं, असू दे. एका ओळीत आहे ना!

तुझी
वहिनी